फुलाखालची माणसं

युसुफभाईंच्या दुकानात चहा न्यायला बंदी होती. चहा पायरीवर बसून प्यायचा, चपला पायरीखाली काढायच्या आणि मगच आत यायचं. घाटंजीत कचेरीतल्या फायलीवरसुद्धा कपबशी ठेवून लोक सह्या करतात. तिथे लग्नाच्या शूटिंगच्या दुकानाने एवढं सोवळं पाळावं, हे गावाला चमत्कारिकच वाटायचं. "चाय बाहेर, माणूस अंदर," असं युसुफभाई म्हणत. हसून म्हणत, पण कुणी कप घेऊन उंबरा ओलांडला तर हसू तिथेच थांबायचं.

आत मशीन होतं. कॉम्प्युटर हा शब्द त्यांनी त्याच्यासाठी कधी वापरला नाही. कॉम्प्युटर तहसीलमध्ये असतात, बँकेत असतात. हे मशीन होतं. ते घेतलं तेव्हा नागपूरच्या मोठ्या स्टुडिओंत असायचं तसलं, दोन प्रोसेसरचं, पोटात व्हिडिओचं वेगळं कार्ड असलेलं, एकट्या माणसाला न उचलणारं. नवी सून बघायला यावं तसे लोक ते बघायला आले होते म्हणे. त्यांचे वडील शिंपी. त्यांनी पँटच्या कापडाचा एक उत्तम गिलाफ शिवून दिला, आणि सवयीने त्याला खिसाही लावला. त्या खिशात युसुफभाई ब्रश ठेवायचे. कापसाचं जिनिंग सुरू झालं की आमच्या गावात हवेत रुई उडते, ती मशीनच्या पंख्यांत जाऊन बसते. थंडीभर दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर ते मशीन उघडत आणि आतली रुई ब्रशने काढत बसत. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

मी दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, म्हणून सगळ्यांचा गुरुजी. लग्नाच्या फिल्मच्या सुरुवातीला जी नावं सरकत जातात, आजी-आजोबा, मामा-मामी, समस्त अमुक परिवार, ती नीट लिहून द्यायचं काम माझ्याकडे असे. त्यामुळे माझं त्या पायरीवर बरंच बसणं झालं, आणि गावातल्या निम्म्या घरांची भांडणं मला घरबसल्या कळली.

कारण लग्नाची फिल्म करणाऱ्याकडे भांडणं येतातच. लग्नाला वर्ष-दोन वर्षं होतात. कुणीतरी डीव्हीडी घेऊन पायरीवर येऊन टेकतं. आधी पाण्यापावसाच्या गोष्टी होतात, चहा होतो, आणि मग आवाज खाली येतो.

"युसुफभाई, त्याले याच्यातून काढता येते का जी?"

तो म्हणजे कधी भाऊ, कधी मेहुणा, कधी दहा वर्षं एका ताटात जेवलेला मित्र. युसुफभाई कधी "काहून", म्हणजे का, असं विचारत नसत. पण एक अडचण असायची. त्या माणसाचा भाग कापावा तर त्याच्याबरोबर नवरी कापली जाते, देवाघरी गेलेली आजी कापली जाते. लग्नात एकटा कोण उभा असतो? म्हणून त्यांनी आपली एक रीत काढली होती. नको असलेल्या माणसाच्या तोंडावर ते गुलाबाचं फूल बसवत. माणूस हलला की फूल हलायचं. माणूस पंगतीत बसला की फूल पंगतीत बसायचं. दिसायला हे हास्यास्पद होतं, पण लोकांचा राग शांत होत होता आणि आजीही वाचत होती.

फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यावरचे रामधनभाऊ असेच आले होते. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, धाकट्या भावाशी फाटलेलं. माझ्या लग्नात तो दिसायला नको, म्हणाले. युसुफभाईंनी फूल टाकलं. पुढे ती फिल्म तांड्यावर कुणाच्या तरी घरी लागली आणि सगळा तांडा लोटपोट झाला, कारण धाकटा भाऊ भलता उत्साही, लग्नात सगळीकडे तोच. हळदीला गुलाब, मांडवात गुलाब, डफड्यापुढे नाचतोय तोही गुलाब. त्याचं नावच गुलाब पडलं. तोही खिलाडू, त्या नावाने ओ द्यायला लागला. मग एका पावसाळ्यात तो तापाने गेला.

त्यानंतर रामधनभाऊ पुन्हा आले. पायरीवर बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, "भिया दिसत नाही जी माह्या लग्नात. ते फूल उचला." भिया म्हणजे त्यांच्या गोर बोलीत भाऊ.

युसुफभाईंनी त्यांना आत नेलं. मशीनमध्ये त्या लग्नाची कच्ची फाईल होती, तिच्यात चित्र खाली आणि फूल वर, वेगवेगळ्या पट्ट्यांवर. वरची पट्टी त्यांनी बाजूला ओढली. हळदीने माखलेला एक हसरा पोरगा कॅमेऱ्याकडे बघून लाडू खात होता. रामधनभाऊंनी पुढे होऊन पडद्यावर तळहात ठेवला. पडद्याला बोट लावलं म्हणून युसुफभाईंनी सख्ख्या जावयाला झापलेलं मी पाहिलं होतं. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. रामधनभाऊ गेल्यावर त्यांनी पडदा पुसलाही नाही.

मी तेव्हा विचारलं होतं, की एवढ्या जुन्या फायली ठेवता कशाला? त्यांनी वडिलांचं सांगितलं. अब्बा शर्ट शिवला की उरलेले तुकडे, कतरन, पुरचुंडी बांधून शर्टाबरोबर परत द्यायचे. दुसरे शिंपी ठेवून घेत, अब्बा नाही. "कपडा गिऱ्हाइकाचा, तर कतरन बी गिऱ्हाइकाची. मी फक्त झाकतो, गुरुजी. फेकत नाही. लगन दोन दिवसाचं, भांडण दोन पिढ्याईचं. पण तिसरी पिढी येते नं इचाराले."

मला ते फार आवडलं होतं. माणूस म्हणून मी त्यांना मनातल्या मनात एक पायरी वर चढवून ठेवलं. पुढे जे झालं त्यात ते तिथून उतरले, आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याबद्दल माया वाटायला लागली ती त्यानंतरच.

मशीन म्हातारं झालं. सकाळी कधी सुरू होई, कधी नुसतं गुरगुरे. यवतमाळहून दुरुस्तीवाला आला, त्याने टॉर्च मारून बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर दाखवले. म्हणाला, "दोन रस्ते हायेत चाचा. नागपुरातून असंच जुनं बोर्ड हुडकून आणतो, मंग हे आणखी दोन-तीन वर्षं ओढीन. नाही तं डबा हाच ठेवू, आतला माल सगळा नवा टाकू." नवा माल टाकला की जुनं सॉफ्टवेअर चालणार नव्हतं, त्याला लागणारं कार्ड नव्या बोर्डावर बसतच नव्हतं. म्हणजे जुन्या लग्नांच्या कच्च्या फायली डिस्कवर राहतील, पण उघडणार नाहीत. लोकांच्या घरच्या डीव्हीडीत मात्र फुलं दिसत राहतील, कायमची. दोन मशिनं घ्यायची ऐपत नव्हती, हे युसुफभाईंना, मला आणि आणखी एकाला, असं तिघांनाही न बोलता माहीत होतं.

तिसरा म्हणजे इमरान, त्यांचा मुलगा. माझ्याच शाळेत शिकलेला. चांगला कॅमेरा चालवायचा, ड्रोनही उडवायचा. पण त्याचं नवं शूटिंग त्या मशीनला पेलत नव्हतं, एक गाणं तयार करायला दिवस जायचा. गावातली लग्नं दुसऱ्या स्टुडिओकडे वळायला लागली होती. नागपूरच्या एका स्टुडिओने त्याला कामावर बोलावलं होतं. त्याची आई त्या दिवसांत माझ्या बायकोजवळ येऊन नुसती बसायची.

"अब्बा, तुमी मोडलेले लग्नं सांभाळून राह्यले," एकदा तो माझ्यासमोरच म्हणाला. "आता होऊन राह्यले त्याईले मशीन कुठून आणू मी? सांगा तुमी."

मला त्या पोराचं म्हणणं पटत होतं, आणि बापाकडे बघवत नव्हतं.

मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, मशीन चालू आहे तोवर सगळी फुलं उचलून फिल्मा काढून ठेवा आणि मोकळे व्हा. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "लोकाईनं टाकाले लावले होते गुरुजी. त्याईले न इचारता कसा उचलू?"

तेव्हा त्यांनी इमरानकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम लागतो, त्याच्या आत ज्याला त्याला विचारायचं. बापाने मुलाकडे अशी मुदत मागावी याचंच इमरानला वाईट वाटलं असावं. तो "बरं" म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला.

मग ते फोन लावत बसले. पायरीवर, सकाळच्या वेळी. काही जणांना फूल टाकल्याचंच आठवत नव्हतं. काहींनी त्या माणसाशी केव्हाच गोडी केली होती, ते हसत आले आणि फिल्म घेऊन गेले. एकाने फोनवरच शिवी हासडली, राहू दे त्याले फुलाखालीच मरेपर्यंत. युसुफभाईंनी शांतपणे सलाम करून फोन ठेवला. म्हणाले, "चाला. इचारलं तं खरं."

भाद्रपदाच्या सुमारास एक बाई आली. तिशीच्या आतबाहेरची, शेजारच्या गावातली. तिचं लग्न सहा महिन्यांतच मोडलं होतं, पण फिल्ममध्ये तिची आजी होती, म्हणून तिच्या वडिलांनी त्या वेळी थेट नवरदेवावरच फूल टाकून घेतलं होतं. युसुफभाईंनी तिला फोन केला होता.

ती आत आली, बसली, आणि म्हणाली, "काका, तो माणूस अजून याच्यात हाय?"

"हाय नं. फक्त झाकला हाय. मी कोणाचं फेकत नाही, बेटा."

"कायले ठेवला?"

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यानं मले जे केलं ते तुमाले मालूम नाही. बाबानं सांगितलं पुसला म्हून, मी इतके वर्षं निवांत होती. अन् तुमी त्याले इथं कूलरच्या हवेत ठेवला. फूल उचलू नका काका. आजीचा तेवढा भाग द्या, बाकी पुसा. माह्या समोर पुसा."

त्यांनी आजीचा भाग काढून दिला. मग ती फाईल पुसली. ती गेल्यावर ते पायरीवर येऊन बसले, चहा पुढे आला तो निवला. "मले वाटे मी लोकाईची अमानत सांभाळून राह्यलो," ते म्हणाले. "तिची तं मी झोप ठेवून घेतलती." धीर द्यावा असं काही नव्हतंच त्यात.

त्यानंतर फोन थांबले. दिवाळी जवळ येत होती, दुरुस्तीवाल्याचे निरोप येत होते. मी विचारलं, आता किती उरलीत? म्हणाले, एकच. घरचं.

मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या फिल्ममध्ये एक फूल होतं, त्यांच्या बहिणीच्या चेहऱ्यावर. शब्बो, तिघा भावंडांत सगळ्यांत धाकटी. भावाच्या लग्नानंतर वर्षभराने तिने वडिलांना न विचारता लग्न केलं. वडिलांनी तिचं नाव घेणं सोडलं, आणि एक दिवस दुकानात येऊन म्हणाले, तिच्यावर फूल टाक. दुसऱ्यांची कतरन पुरचुंडी बांधून परत देणारा तो माणूस. ती यवतमाळातच राहायची, एसटीने जेमतेम तासाभराच्या वाटेवर. वडील गेले तेव्हा मागच्या दाराने आली आणि तशीच गेली. भावाबहिणीचं बोलणं नव्हतं.

"तिले काय म्हून फोन लावू, गुरुजी?"

मी म्हटलं, बाकीच्यांना जे म्हणून लावला तेच.

तो फोन त्यांनी पायरीवरून केला नाही. आत जाऊन, दार ओढून घेऊन केला. "मैं युसुफ" एवढं मला ऐकू आलं. पुढे त्यांचा आवाज आला नाही, पलीकडून तीच बोलत असावी.

ती धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आली. बाजार भरलेला, रस्त्यावर पणत्यांचे ढीग. मध्यम बांध्याची, केसांत पांढरं आलेली बाई पायरीशी उभी राहिली, चपला काढल्या आणि कुणी "ये" म्हणायच्या आत आत गेली. मी उठायला लागलो तर युसुफभाईंनी हाताने बसायची खूण केली. त्यांना तिथे कुणीतरी हवं होतं. मी दाराशीच थांबलो.

त्यांनी फिल्म लावली. त्यांच्यात नवरदेवाला सेहरा, म्हणजे तोंडावर सोडायच्या फुलांच्या माळा, बांधायचा मान बहिणीचा. पडद्यावर नवरदेव पाटावर बसलेला आणि मागून एक गुलाबाचं फूल त्याला सेहरा बांधतंय. मी अशी फुलं कितीतरी पाहिली होती, हसलोही होतो. त्या दिवशी ते बघणं नकोसं झालं.

ती म्हणाली, "तब किसी ने पूछा था मेरे को?"

"नहीं."

"तूने डाला, के अब्बा ने?"

"बोले अब्बा. हाथ मेरा था."

"निकाल."

त्यांनी फूल ओढून बाजूला केलं. खाली एक वीस-बावीस वर्षांची मुलगी होती, दातांत सेहऱ्याची दोरी धरलेली, हसताना दोरी सुटेल म्हणून हसू दाबणारी. गाठ मारून झाली तशी तिने भावापुढे तळहात केला, नेग, म्हणजे मानाचे पैसे, मागायला. आणि मागून एक म्हातारा आला. टोपी घातलेला, गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिलेला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात उचलला नाही. ती भावाशी नेगावरून भांडत होती आणि तो हात तसाच डोक्यावर होता.

बहीण खुर्चीच्या कडेला आली. "अब्बा भी ढक गये थे," ती म्हणाली. विचारल्यासारखं नाही, नुसतंच.

युसुफभाई पडद्याकडे बघत होते. "फूल छोटा था पहले. तेरे मुंह जितना. अब्बा यहीं पीछे बैठे थे. उन्होंने अपना हाथ देखा." ते थांबले. "तो बोले, बडा कर."

मग तिने तो भाग परत लावायला सांगितला. पुन्हा एकदा सांगितलं. ती रडली ती शेवटच्या वेळी, तोंडावर ओढणी घेऊन, आवाज न करता. युसुफभाईंनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं मला फार वाटलं. ते उठले नाहीत. मला वाटतं, त्यांची ती हिंमत नव्हती, आणि तो हक्कही आपल्याला राहिलेला नाही हे त्यांना कळत होतं.

त्यांनी फिल्म पेनड्राइव्हमध्ये घालून तिला दिली. तिने ती पर्समध्ये ठेवली, वहिनीने केलेला चहा पायरीवर बसून प्याला, आणि निघाली. युसुफभाई तिच्यामागे स्टँडपर्यंत गेले. इमरान आणि दुरुस्तीवाला तोवर येऊन बसले होते, बाजूला नव्या बोर्डाचा खोका.

ते परत आले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. तेच म्हणाले, "बसमधी बसवून दिलं. खिडकीतून पाह्यलं तिनं."

"बोलली काही?"

"नाही. मले माफ नाही केलं तिनं, गुरुजी." ते चपला काढत होते. "इचारलं म्हून आली. तेवढंच."

मग त्यांनी आत डोकावून इमरानला म्हटलं, "खोल बेटा आता." आतून स्क्रू निघायचा आवाज यायला लागला. ते आत गेले नाहीत. पायरीवर माझ्या शेजारी बसले, स्टँडच्या रस्त्याकडे तोंड करून, आणि शेजारच्या टपरीवाल्याला बोटांनीच दोन चहांची खूण केली.